संगणकाचा पहारेकरी

ज्या घरी धान्याचे कोठार असते तेथे उंदरांचा वावर होतो, आणि ज्या गावी धन साठते तिकडे चोरांची पावले वळतात. म्हणूनच मनुष्याने कोठारास दार केले, दारास कुलूप लावले, गावाभोवती तट उभारला आणि वेशीवर पहारेकरी बसविला. संपत्तीचे रूप पालटले, तरी तिच्या रक्षणाची ही रीत पालटलेली नाही. आजच्या काळी घरातील मोलाच्या वस्तू केवळ कपाटात वा तिजोरीत नसतात. आजीआजोबांची छायाचित्रे, घरखर्चाचे हिशेब, पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार आणि मुलांचे निबंध हे सारे संगणकाच्या पोटात साठविलेले असते. वर्षानुवर्षे जमविलेले हे धन क्षणार्धात नाहीसे करणारे शत्रूही आहेत. त्यांना संगणकाचे विषाणू म्हणतात. आणि त्यांच्यापासून संगणकाचे रक्षण करणाऱ्या आज्ञावलीस अँटीव्हायरस असे नाव आहे.

यंत्राला रोग जडतो, हे ऐकून प्रथम नवल वाटते. संगणकाला ना रक्त, ना मांस. मग त्याला विषाणूची बाधा व्हावी कशी? याचे उत्तर संगणकाच्या स्वभावात आहे. संगणक स्वतः विचार करीत नाही. त्याला क्रमाने दिलेल्या आज्ञा तो अतिशय वेगाने आणि मुकाट्याने पाळतो. अशा आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. पत्र लिहावयाचे असो, चित्र काढावयाचे असो की खेळ खेळावयाचा असो, प्रत्येक कामामागे एक आज्ञावली असते. आज्ञा देणारा सज्जन आहे की दुर्जन, हे संगणक पाहत नाही. ‘हे चित्र पडद्यावर दाखव’ ही आज्ञा तो जितक्या तत्परतेने पाळतो, तितक्याच तत्परतेने ‘हे चित्र पुसून टाक’ हीही आज्ञा पाळतो. विषाणू म्हणजे कोणा तरी मनुष्याने लिहिलेली अशीच एक दुष्ट आज्ञावली होय.

परंतु प्रत्येक दुष्ट आज्ञावली म्हणजे विषाणू नव्हे. निसर्गातील विषाणू स्वतंत्रपणे वाढू शकत नाही. तो सजीवाच्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीकडूनच स्वतःसारखे असंख्य विषाणू तयार करवून घेतो. संगणकाचा विषाणूही एखाद्या निरुपद्रवी आज्ञावलीला चिकटतो. ती आज्ञावली सुरू झाली की तोही जागा होतो आणि आपल्या प्रती दुसऱ्या आज्ञावल्यांना जोडतो. हे साम्य पाहूनच अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने १९८३ साली लिहिलेल्या अशा आज्ञावलीस त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांनी ‘व्हायरस’ हे नाव सुचविले, आणि पुढे तेच रूढ झाले.

विषाणूचे दोन भाऊबंदही आहेत. त्यांपैकी एकास वर्म, म्हणजे किडा, असे म्हणतात. त्याला दुसऱ्या आज्ञावलीचा आधार लागत नाही. तो एकमेकांस जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यातून आपण होऊन सरपटत जातो. दुसऱ्याचे नाव ट्रोजन. प्राचीन ग्रीकांच्या कथेत ट्रॉय नगराच्या वेशीपुढे एक भव्य लाकडी घोडा ठेवलेला होता. नगरवासीयांनी तो कौतुकाने आत ओढून नेला, आणि रात्री त्याच्या पोटात लपलेल्या सैनिकांनी बाहेर पडून नगराचे दरवाजे उघडले. ट्रोजन आज्ञावलीही अशीच असते. बाहेरून ती खेळ, गाणे वा उपयुक्त साधन भासते. परंतु तिच्या पोटात शत्रू लपलेला असतो.

या उपद्रवाचा आरंभ मात्र शत्रुत्वातून झाला नाही. स्वतःची प्रतिकृती निर्माण करणारे यंत्र असू शकेल काय, या प्रश्नाचा विचार थोर गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी १९४९ च्या सुमारासच आपल्या व्याख्यानांत मांडला होता. १९७१ साली अमेरिकेत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाची एक आज्ञावली प्रयोगादाखल लिहिली. ती जाळ्यातील एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई आणि जमल्यास आपल्याला पकडा, अशा आशयाचे आव्हान उमटवी. तिचा नायनाट करण्यासाठी रे टॉमलिन्सन यांनी ‘रीपर’ नावाची दुसरी आज्ञावली लिहिली. रीपर क्रीपरचा माग काढी आणि तिला पुसून टाकी. उपद्रव आणि त्यावरील उपाय यांची जन्मकथा अशी जवळजवळ एकत्रच सुरू होते.

१९८२ साली रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने मित्रांची थट्टा करण्यासाठी ‘एल्क क्लोनर’ हा विषाणू लिहिला. त्या काळी खेळ व माहिती फ्लॉपी नावाच्या पातळ तबकडीवर साठवीत आणि मुले त्या तबकड्या एकमेकांना देत. बाधित तबकडीवरून संगणक सुरू केला आणि मग त्यात दुसरी तबकडी घातली की विषाणू तिच्यातही शिरे. अशा तबकडीवरून पन्नासाव्या वेळी संगणक सुरू केला की पडद्यावर एक गमतीची कविता उमटत असे. पुढे १९८६ साली पाकिस्तानातील लाहोर शहरी बसित व अमजद अल्वी या बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला. आपल्या आज्ञावलीची चोरून नक्कल करणाऱ्यांना धडा मिळावा, एवढाच आपला हेतू होता, असे ते सांगतात. विषाणूत त्यांनी स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवले होते. परंतु फ्लॉपीवर बसून तो विषाणू देशोदेशी पोहोचला, आणि ज्यांनी लाहोर कधी पाहिलेही नव्हते अशा लोकांचे दूरध्वनी त्या बंधूंना येऊ लागले. थट्टेने सोडलेला बाण असो की रागाने सोडलेला. धनुष्यातून सुटल्यावर तो सोडणाऱ्याचे ऐकत नाही.

मग रक्षणाची निकड भासू लागली. १९८७ साली जर्मनीतील बेर्न्ट फिक्स यांनी ‘व्हिएन्ना’ नावाच्या विषाणूची रचना अभ्यासून तो काढून टाकणारी आज्ञावली लिहिली. लोकांमध्ये प्रत्यक्ष पसरलेला विषाणू असा नाहीसा केल्याची ही पहिली नोंद मानली जाते. त्याच सुमारास अँटीव्हायरस विकत मिळू लागले. या कामात महाराष्ट्रही मागे राहिला नाही. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत होते. पुढे ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीस येणारे अनेक संगणक विषाणूंनी ग्रासलेले आहेत, हे ध्यानी आल्यावर त्यांचे बंधू संजय काटकर यांनी विद्यार्थिदशेतच ते विषाणू काढणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू झालेल्या या उद्योगातून ‘क्विक हील’ हे भारतीय अँटीव्हायरस उभे राहिले.

हा पहारेकरी आपले काम करतो तरी कसे? गावाच्या वेशीवरील पहारेकरी ज्याप्रमाणे येणाऱ्याजाणाऱ्यास न्याहाळतो, त्याप्रमाणे अँटीव्हायरस संगणकात येणारी प्रत्येक फाइल तपासतो. फाइल इंटरनेटवरून येवो, ई-मेलबरोबर येवो अथवा पेन ड्राइव्हमधून येवो. ती उघडण्यापूर्वी तिची झडती होते. हे सारे इतक्या झटपट घडते की, काम करणाऱ्यास त्याची जाणीवही होत नाही. याखेरीज ठरावीक दिवसांनी तो संगणकाचा कोपरा न् कोपरा धुंडाळतो. कारण पूर्वी नजरेतून निसटलेला चोर एखाद्या अडगळीत दडून बसला असण्याचा संभव असतो.

चोर ओळखण्याच्या त्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत ओळखखुणेची. पोलिसांच्या दफ्तरी ज्याप्रमाणे गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे असतात, त्याप्रमाणे अँटीव्हायरसजवळ ज्ञात विषाणूंच्या खुणांची भली मोठी यादी असते. प्रत्येक विषाणूच्या आज्ञांमध्ये काही विशिष्ट अक्षरांची व अंकांची रचना आढळते; तीच त्याची ओळखखूण. तपासलेल्या फाइलमध्ये ती रचना सापडली की पहारेकरी तत्काळ तिला अडवितो. पहारेकरी जागा आहे की नाही, हे पाहण्यासाठी तज्ज्ञांनी केवळ ६८ अक्षरांची एक फाइल तयार केली आहे. ‘आयकार’ची परीक्षा-फाइल या नावाने ती ओळखली जाते. ती कोणतीही हानी करीत नाही. परंतु अँटीव्हायरस बनविणाऱ्यांनी तिची खूण आपल्या यादीत मुद्दाम नोंदविली आहे. त्यामुळे ती समोर येताच जागा पहारेकरी आरोळी ठोकतो.

परंतु या रीतीत एक उणीव आहे. ज्याचा ठसा दफ्तरी नाही, असा नवा चोर पहारेकऱ्यास कसा ओळखू यावा? शिवाय काही विषाणू बहुरूप्याप्रमाणे वेष पालटतात. प्रत्येक नवी प्रत करताना ते आपली रचना बदलतात, आणि जुनी खूण निरुपयोगी ठरते. म्हणून दुसरी रीत निघाली, ती वर्तनाची. एखादा अनोळखी मनुष्य गावात येऊन देवळाच्या पायरीवर बसला, तर कोणी त्यास हटकीत नाही. तोच जर रात्री घराघरांच्या कड्या चाचपू लागला, तर त्याचे नाव ठाऊक नसले तरी त्याचा बेत उघड होतो. त्याचप्रमाणे एखादी आज्ञावली अकस्मात शेकडो फाइली बदलू लागली, अथवा पहारेकऱ्यासच झोपविण्याचा यत्न करू लागली, तर अँटीव्हायरस तिला थांबवितो. काही वेळा तो संशयित आज्ञावलीस प्रथम एका बंदिस्त जागी चालवून पाहतो. तेथे तिने कितीही थयथयाट केला, तरी खऱ्या संगणकास धक्का लागत नाही.

पकडलेल्या फाइलीचे पुढे काय होते? साथीच्या रोग्यास ज्याप्रमाणे इतरांपासून दूर ठेवतात, त्याप्रमाणे तिलाही विलगीकरणात ठेवतात. तेथून तिला काहीही करता येत नाही. मात्र ती लगेच नष्टही केली जात नाही. याचे कारण असे की, पहारेकऱ्याच्या हातून चूक होऊ शकते आणि कधी कधी साव माणसालाच तो चोर समजतो. २०१० साली एका नामांकित अँटीव्हायरसच्या नव्या यादीने विंडोज एक्सपी या कार्यप्रणालीची एक आवश्यक फाइलच विषाणू ठरविली, आणि जगभर असंख्य संगणक बंद पडले. म्हणून इशारा मिळताच घाबरून न जाता, काय पकडले आहे ते वाचावे आणि जाणत्या माणसाच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा, हे इष्ट.

येथे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. मनुष्याने एवढी प्रगती केली, तर प्रत्येक विषाणूस अचूक ओळखणारा पहारेकरी तो का निर्माण करीत नाही? याचे उत्तर त्याच फ्रेड कोहेन यांनी दिले आहे. असा पहारेकरी निर्माण करणे केवळ कठीण नव्हे, तर अशक्य आहे, हे त्यांनी तर्काने सिद्ध केले. त्यांच्या विचाराचे सार मौजेचे आहे. समजा, एखाद्याने असा सर्वज्ञ पहारेकरी तयार केला की, जो कोणतीही आज्ञावली पाहून ‘हा विषाणू आहे’ किंवा ‘हा विषाणू नाही’ असा निवाडा देतो. मग एखादा चतुर मनुष्य अशी आज्ञावली लिहील, की जी प्रथम त्या पहारेकऱ्यासच विचारील, ‘मी विषाणू आहे काय?’ पहारेकरी ‘होय’ म्हणाला, तर ती काहीही न करता स्वस्थ बसेल. म्हणजे निवाडा खोटा ठरेल. पहारेकरी ‘नाही’ म्हणाला, तर ती तत्काळ आपल्या प्रती पसरवू लागेल. म्हणजे निवाडा पुन्हा खोटाच! तात्पर्य, कितीही बुद्धिमान पहारेकरी ठेवला तरी तो कोठे तरी चुकणारच. म्हणून पहारेकरी असावा हे जितके आवश्यक, तितकेच घरधन्याने स्वतः सावध असावे, हेही आवश्यक आहे.

घरधन्याची असावधता कशी महाग पडते, याचे उदाहरण ४ मे २००० रोजी जगाने पाहिले. त्या दिवशी ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ अशा अर्थाचा मथळा असलेली ई-मेल पत्रे लोकांना येऊ लागली. ती फिलिपाईन्स देशातून निघाली होती. पत्रासोबत एक फाइल होती. तिच्या नावात ‘टीएक्सटी’ ही साध्या मजकुराची अक्षरे दिसत. परंतु त्यांच्यापुढे ‘व्हीबीएस’ ही आज्ञावलीची अक्षरे होती, आणि बहुतेक संगणकांवर ती पडद्याआड राहत. पत्र पाठविणारा ओळखीचाच असे. मग संशय कोणी घ्यावा? लोकांनी कुतूहलाने फाइल उघडली. आतील किड्याने त्यांच्या चित्रांच्या फाइली नष्ट केल्या, आणि त्यांच्या पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकास तेच पत्र त्यांच्या नावाने धाडले. थोड्याच दिवसांत लक्षावधी संगणक बाधित झाले. ब्रिटनच्या संसदेलाही आपली ई-मेल सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. तेथे कोणी भिंत फोडली नव्हती. दार आतूनच उघडले गेले होते.

तथापि काही शत्रू दार वाजवीतही नाहीत. ते तटातील खिंडार शोधतात. रायगडावरील हिरकणीची कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाल्यावर, घरी तान्हे बाळ भुकेले असेल या विचाराने ती गवळण कडा उतरून गेली. ज्या कड्यावरून कोणी उतरू शकणार नाही अशी सर्वांची समजूत होती, तेथून वाट आहे हे तिने दाखवून दिले. शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधविला, अशी कथा सांगतात. संगणकाच्या कार्यप्रणालीतही अशा अज्ञात वाटा असतात. त्या ध्यानी आल्या की कार्यप्रणाली बनविणारे लोक तेथे बुरूज बांधतात. म्हणजे दुरुस्तीची आज्ञावली इंटरनेटवरून सर्वांना पाठवितात. यासच संगणक अद्ययावत करणे असे म्हणतात.

हा बुरूज वेळीच बांधला नाही तर काय होते? विंडोज कार्यप्रणालीतील अशाच एका वाटेवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध केली होती. अनेकांनी ती आज करू, उद्या करू, असे म्हणत लांबणीवर टाकली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा त्याच वाटेने आत शिरला. कोणी काही न उघडताही तो संगणकामागून संगणक काबीज करू लागला. त्याने फाइलींना गुप्त लिपीचे कुलूप घातले आणि किल्लीसाठी ३०० डॉलरची खंडणी मागितली. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. ब्रिटनमधील रुग्णालयांत डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी पाहता येईनात. हजारो रुग्णांच्या तपासण्या व काही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. संगणकातील एका उघड्या वाटेचा त्रास खाटेवरील आजारी माणसाला झाला.

त्यानंतर सुमारे दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाचा आणखी भयंकर किडा सुटला. युक्रेन देशातील हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या दुरुस्तीतच तो दडवून पाठविण्यात आला होता. म्हणजे संकट विश्वासाच्या वाटेने आले. डेन्मार्कमधील मर्स्क या विशाल जहाज कंपनीचे संगणक देशोदेशी एकाच दिवशी निकामी झाले. त्याची झळ मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरासही लागली. तेथील मर्स्क समूहाच्या धक्क्यावरील काम विस्कळीत झाले. संगणकांच्या जाळ्याची घडी पुन्हा बसविण्यास आवश्यक असलेली एक माहिती तर कंपनीच्या साऱ्या जगातील संगणकांवरून पुसली गेली होती. सुदैवाने आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात त्या वेळी वीज गेली होती. त्यामुळे तेथील संगणक जाळ्यापासून तुटला, आणि त्यावरील प्रत शाबूत राहिली. त्या एका प्रतीच्या आधारे कंपनीने आपला कारभार पुन्हा उभा केला. सुमारे ४,००० मोठे व ४५,००० वैयक्तिक संगणक दहा दिवसांत नव्याने सिद्ध करण्यात आले.

या घटनेत एक मोठा बोध आहे. पहारेकरी चुकला, तटाला खिंडार पडले, तरी ज्याने बियाणे वेगळे राखून ठेवले आहे तो शेतकरी पुन्हा पेरणी करू शकतो. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या साधनावर करून ठेवणे, हे ते बियाणे होय. मात्र ते साधन काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावे. नाही तर संगणकावरील संकट त्यासही गाठते. घाना देशात जे वीज गेल्यामुळे दैवयोगाने घडले, ते शहाण्या माणसाने आपल्या घरी समजून-उमजून करावे.

घरच्या संगणकाचे रक्षण करण्यास फार मोठ्या विद्येची गरज नाही. नियमितपणाची मात्र आहे. आजच्या विंडोज संगणकांत डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस मुळातच असतो. ज्यांस हवा ते दुसरा विकत घेतात. कोणताही असो, तो चालू आहे की नाही हे पाहावे. काही जण अधिक संरक्षणाच्या आशेने दोन अँटीव्हायरस एकाच वेळी पूर्णपणे चालू ठेवू पाहतात. परंतु एका दारावर परस्परांस न ओळखणारे दोन पहारेकरी उभे केले, तर ते एकमेकांवरच संशय घेतात आणि घरच्या माणसांची वाट अडवितात. पहारेकरी एकच असावा. मात्र त्याची यादी रोज ताजी असावी. नवे विषाणू दररोज निघतात, आणि गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबणारा पहारेकरी डोळे मिटून उभा असल्यासारखाच होय.

शाळेत, दुकानात वा मित्राच्या घरी वापरलेला पेन ड्राइव्ह प्रथम तपासून मगच उघडावा. फुकटात मिळणाऱ्या चोरीच्या खेळांचा व आज्ञावल्यांचा मोह टाळावा. त्या बहुधा लाकडी घोड्याच्या जातीच्या असतात. संकेतस्थळ पाहताना कधी कधी पडद्यावर अकस्मात लाल अक्षरे झळकतात: ‘तुमच्या संगणकात विषाणू आहेत! येथे ताबडतोब दाबा!’ असा आरडाओरडा बहुधा पहारेकऱ्याचा नसून पहारेकऱ्याचा वेष घेतलेल्या चोराचा असतो. अशा वेळी काहीही न दाबता ते पान बंद करावे आणि घरच्या वडीलधाऱ्यांना सांगावे. संगणकास बाधा झालीच, तर त्याची इंटरनेटची जोडणी तोडावी, म्हणजे इतरांस उपसर्ग पोहोचत नाही. आणि मग तो जाणत्या माणसास दाखवावा. भारत सरकारनेही २०१७ साली ‘सायबर स्वच्छता केंद्र’ स्थापन केले असून, संगणक निर्मळ करण्याची काही साधने तेथून विनामूल्य मिळतात.

या केंद्राच्या नावात ‘स्वच्छता’ हा शब्द योजला आहे, तो अर्थपूर्ण आहे. गावातील एका विहिरीचे पाणी दूषित झाले, तर आजार एकाच घरात राहत नाही. तसेच बाधित संगणकाचे दुखणे त्याच्या मालकापुरते नसते. त्या संगणकावरून मित्रांना विषारी पत्रे जातात आणि दूरच्या रुग्णालयांवरही हल्ले होऊ शकतात. मालकास मात्र त्याची गंधवार्ताही नसते. म्हणून आपला संगणक निरोगी ठेवणारा मनुष्य केवळ स्वतःच्या धनाचे रक्षण करीत नाही. तो शेजाऱ्याविषयीचे आपले कर्तव्यही पार पाडीत असतो. दुष्ट आज्ञावली लिहिणाऱ्यास जी बुद्धी लाभली, तीच तिचा माग काढणाऱ्यासही लाभली होती. एकाने तिचा उपयोग दारे फोडण्यासाठी केला. दुसऱ्याने लोकांच्या दारी रात्रंदिवस जागण्यासाठी. आज संगणकापुढे बसून शिकणाऱ्या मुलांमधूनच उद्याचे असे जागते पहारेकरी निपजावयाचे आहेत.